स्टोअरमधली अडगळ आणि पाच जपानी शब्द

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आंतर-हाउस हॉकीच्या सामन्यात सातवीतल्या एका कॅडेटच्या हनुवटीला स्टिक लागली. जखम फार मोठी नव्हती, पण रक्त भरपूर येत होते. पी.टी. उस्ताद माझ्याकडे बघून ओरडले, "फर्स्ट एड बॉक्स!" कारण त्या सत्रात स्पोर्ट्स स्टोअरचा इनचार्ज कॅडेट मी होतो. स्टोअर मैदानापासून पन्नास पावलांवर आहे. मी धावत गेलो आणि नऊ मिनिटांनी परत आलो. तोवर उस्तादांनी स्वतःचा रुमाल जखमेवर दाबून धरला होता आणि त्या मुलाला एम.आय. रूमकडे नेत होते. त्याला तीन टाके पडले.

नऊ मिनिटे मी काय करत होतो, हे सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. बॉक्स स्टोअरमध्येच होता. त्याच्यासमोर तुटके हर्डल होते, हर्डलवर गेल्या वर्षीच्या अॅथलेटिक मीटचे गुंडाळलेले बॅनर होते आणि बॅनरवर डॉर्मिटरीतून आणलेल्या तीन मोडक्या खुर्च्या होत्या. खुर्च्यांचा आणि खेळाचा काय संबंध? संबंध असा, की दोन दिवसांपूर्वी इन्स्पेक्शन होते. डॉर्मिटरी चकाचक दिसायला हवी म्हणून जे जे नको होते ते सगळे स्टोअरमध्ये कोंबले गेले. खुर्च्या आत ढकलणारा मीच होतो. इन्स्पेक्शनमध्ये आमच्या हाउसला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

मला आधी वाटायचे, की सैनिकी शाळेतल्या मुलाला नीटनेटकेपणा कोणी शिकवायची गरज नाही. चादरीची घडी, कपाटातला किट लेआउट, बुटांचे पॉलिश, यात आम्ही कोणालाही हार जाणार नाही. पण त्या दिवशी कळले, की आम्हाला जे येते ते आवरणे आहे. वस्तू डोळ्यांआड केली की आवरले. घरी आजी एखादी वस्तू "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून माळ्यावर टाकते, तसेच हे. फरक एवढाच, की आजीला माळ्यावर काय आहे ते पाठ असते.

सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा ही गोष्ट मामांना सांगितली. ते भोसरीच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात सुपरवायझर आहेत. ते मला शनिवारी कारखान्यात घेऊन गेले. भिंतीवर एक निळा फळा होता. त्यावर प्रत्येक पान्याचा, पकडीचा, हातोडीचा आकार पांढऱ्या रंगाने रंगवलेला आणि त्या त्या आकारावर ते ते हत्यार टांगलेले. त्याला शॅडो बोर्ड म्हणतात. एका ठिकाणी पांढरा आकार रिकामा होता. मामांनी लगेच विचारले, "सतरा नंबरचा पाना कोणाकडे आहे?" मग मला म्हणाले, "तुझ्या स्टोअरमध्ये काय आहे ते तू सांगशील. पण काय नाही, ते एका नजरेत सांगता येईल का?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

या पद्धतीला कारखान्यांत 'फाइव्ह एस' म्हणतात. पाच जपानी शब्द आहेत : सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके. रोमन लिपीत सगळे 'एस'ने सुरू होतात, म्हणून हे नाव. हे शब्द ज्या मोठ्या विचाराचा भाग आहेत त्याला आज लीन म्हणतात. लीन म्हणजे बारीक, पण अशक्त नव्हे. मराठीत 'काटक' हा शब्द त्याला बरोबर बसतो. अंगावर फालतू चरबी नाही, पण ताकद आहे.

हा विचार टोयोटा कंपनीत वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानकडे पैसा, जागा, कच्चा माल सगळेच कमी होते. अमेरिकन कारखान्यांसारखे सुट्या भागांचे डोंगर रचून ठेवणे त्यांना परवडणारे नव्हते. ताइइची ओनो (१९१२ ते १९९०) या टोयोटातल्या इंजिनिअरने वेगळ्या वाटेने विचार केला. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकाने जेवढे उचलले तेवढेच पुन्हा फळीवर भरतात, ही गोष्ट त्यांना फार महत्त्वाची वाटली. कारखान्यातही पुढच्या माणसाने जेवढे भाग नेले तेवढेच मागच्याने बनवावेत, असे त्यांनी ठरवले. ज्या कामाने गिऱ्हाइकाचा काहीच फायदा होत नाही त्याला जपानीत 'मुदा' म्हणतात, म्हणजे वाया जाणे. ओनोंनी मुदाचे सात प्रकार सांगितले : गरजेपेक्षा जास्त बनवणे, वाट बघणे, माल उगाच इकडून तिकडे नेणे, गरजेपेक्षा जास्त प्रक्रिया करणे, साठा, माणसाची उगाच हालचाल आणि सदोष माल. या पद्धतीला 'लीन' हे नाव मात्र जपान्यांनी दिलेले नाही. ते जॉन क्राफ्सिक या अमेरिकन संशोधकाने १९८८ मध्ये एका लेखात वापरले आणि १९९० च्या एका पुस्तकाने जगभर नेले.

सातपैकी साठा आणि हालचाल हे दोन प्रकार वाचताना मला आमचे स्टोअरच दिसत होते.

ओनोंची एक गोष्ट मला सगळ्यात आवडली. ते कारखान्याच्या जमिनीवर खडूने एक वर्तुळ काढत, नव्या इंजिनिअरला त्यात उभे करत आणि सांगत, की इथून बघ. तासन्‌तास. काही दुरुस्त करायचे नाही, फक्त बघायचे. शाळेत परतल्यावर मीही स्टोअरच्या दाराशी खडूने वर्तुळ काढले आणि गेम्स पिरियडचा पूर्ण वेळ त्यात उभा राहिलो. एका जागी उभे राहण्याची सवय आम्हाला आहेच, तिचा प्रथमच काही उपयोग झाला. त्या वेळात २६ कॅडेट आत आले. त्यातले १९ हॉकी स्टिक घ्यायला आले होते आणि स्टिक ठेवल्या होत्या सगळ्यात मागच्या कोपऱ्यात. दारालगतच्या सगळ्यात सोयीच्या फळीवर काय होते, तर चषकांची रिकामी खोकी! तिघेजण पंप शोधून न सापडल्याने नुसतेच परत गेले. मी इतके महिने त्या खोलीत रोज जात होतो, पण मी ती कधी पाहिली नव्हती.

आता एकेका शब्दाकडे येतो.

सेइरी म्हणजे हवे आणि नको वेगळे करणे. हे पहिले आहे आणि माझ्या मते सगळ्यात अवघडही. लोक याला सोडून थेट मांडणीकडे जातात आणि मग कचराच छान मांडून ठेवतात. कारखान्यात यासाठी लाल टॅग वापरतात. ज्या वस्तूबद्दल शंका आहे तिला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर वस्तूचे नाव, तारीख, शंकेचे कारण आणि निर्णय कोण घेणार ते लिहायचे. मग ती वस्तू ठरलेल्या एका जागी ठेवायची आणि मुदतीत कोणी मागितली नाही तर तिची विल्हेवाट लावायची. टाकायचे की ठेवायचे यावर तिथल्या तिथे वाद घालावा लागत नाही, हे या चिठ्ठीचे मोठे सुख आहे. आम्ही आर्ट रूममधून लाल कार्डपेपर आणला आणि एका रविवारी चौघांनी मिळून टॅग बांधले. हवा न धरणारे फुटबॉल १९. मोडके हर्डल ५. बॉक्सिंगचे सुटे ग्लोव्हज डाव्या हाताचे ७ आणि उजव्या हाताचे २, म्हणजे उजव्या हातांचे काय झाले हे एक कोडेच आहे. टोक नसलेला भाला १. खुर्च्या ३.

इथे आमचा रथ अडला. स्टोअर सांभाळणारे चाचा बावीस वर्षे इथे आहेत. ते हिंदीत बोलतात, मी मराठीत लिहितो. लाल चिठ्ठ्या बघून ते म्हणाले, "बेटा, लेजरमध्ये हर्डल चौदा आहेत. तू पाच टाकलेस तर स्टॉक चेकिंगला मी नऊ दाखवू? उरलेल्या पाचांचे पैसे तू भरणार का?"

मला राग आला होता, हे कबूल करतो. वाटले, हे जुन्या विचारांचे आहेत. पण नंतर विचार केला तेव्हा ते बरोबर होते. सरकारी वस्तू मोडली म्हणून ती नाहीशी होत नाही, ती लेजरमध्ये जिवंतच असते. ती काढायची तर बोर्ड बसावे लागते. अधिकारी वस्तू तपासतात, दुरुस्तीचा खर्च परवडत नाही असे लिहितात, मग ती राइट ऑफ होते. तोपर्यंत मोडके तुकडे मोजणीसाठी सांभाळावेच लागतात. आमच्या स्टोअरमध्ये अडगळ का साठली याचे खरे कारण आळस नव्हता. बोर्ड वर्षातून एकदा बसते आणि त्याच्यापुढे यादी ठेवायची तर यादी करायला कोणाला तरी वेळ हवा, हे ते कारण होते. जपानी पुस्तकी पद्धत सरळ आणून चिकटवली असती, तर मी चाचांना अडचणीत टाकले असते.

मग आम्ही मधला मार्ग काढला. टॅग लावलेल्या सगळ्या वस्तू मागच्या भिंतीलगत एका खडूच्या चौकटीत रचल्या. बाहेर एक तक्ता लावला, लेजरमध्ये किती, वापरात किती, चौकटीत किती. १४, ९, ५. चाचांना मोजायला एक मिनिट पुरते. आणि तीच यादी टाइप करून मी स्पोर्ट्सच्या सरांना दिली, म्हणजे बोर्ड बसेल तेव्हा ती तयार असेल. खुर्च्या मात्र लेजरमध्ये आमच्या नव्हत्याच. त्या ज्या डॉर्मिटरीतून आल्या तिथे परत गेल्या. तिथल्या हाउस मास्टर सरांना त्या कुठे गेल्या होत्या हे ऐकून आश्चर्य वाटले, आणि मला त्याबद्दल मैदानाच्या चार चकराही मिळाल्या.

सेइतोन म्हणजे प्रत्येक वस्तूला जागा. यात मी पहिल्यांदा चूक केली. खेळाप्रमाणे रकाने पाडले : फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल, अॅथलेटिक्स. दिसायला सुंदर. पण पंप एकच, तो फुटबॉललाही लागतो आणि बास्केटबॉललाही. तो कोणत्या रकान्यात? आठवड्यात तो पुन्हा हरवला. मग वर्तुळात उभे राहून केलेल्या टिपणाप्रमाणे मांडणी बदलली. रोज लागणारे दाराजवळ, कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर. आठवड्यातून लागणारे त्यापलीकडे. वर्षातून एकदा लागणारे सगळ्यात वर. गोळे मात्र कितीही कमी लागोत, जमिनीलगतच, कारण वरून पाच किलोचा गोळा पायावर पडला तर मांडणीचे कौतुक राहणार नाही. पंप, सुया, शिट्ट्या, स्टॉपवॉच आणि मोजपट्टी यांच्यासाठी प्लायवुडवर शॅडो बोर्ड केला. आकार रंगवताना शिट्टीचा आकार बदकासारखा झाला आहे, पण काम चालते.

फर्स्ट एड बॉक्स दाराच्या उजव्या चौकटीलगत, सहावीतल्या मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर अडकवला. त्याच्याखाली जमिनीवर पिवळ्या रंगाचा चौकोन आखला. त्या चौकोनात काहीही ठेवायचे नाही. सगळ्या कामात मला हा रिकामा चौकोन सगळ्यात जास्त आवडतो.

लेबलांबद्दल एक सांगितले पाहिजे. उत्साहाच्या भरात आमच्यातल्या एकाने टेबलावर 'टेबल' असे लेबल लावले. दारावर 'दार' लागण्याआधी आम्ही त्याला थांबवले. जी वस्तू हलत नाही आणि जी ओळखायला कोणाला अडचण नाही, तिच्यावर चिठ्ठी लावणे हाही मुदाच आहे.

सेइसो म्हणजे सफाई. पण ही सफाई म्हणजे तपासणी असते. रायफल साफ करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही, चिंधी फिरवताना हात आणि डोळे दोन्ही शोधत असतात. आम्ही रॅक पुसायला मागे ओढला तेव्हा त्याच्या पाठीमागे वाळवी दिसली. एक हर्डल पुसताना पायाजवळ बारीक तडा सापडला. तो हर्डल वापरातल्या नऊमध्ये होता! त्याला तिथल्या तिथे लाल टॅग बांधला आणि तक्त्यावर ८ आणि ६ असे आकडे केले.

विमानतळावर ही गोष्ट जिवावर बेतते. २५ जुलै २००० रोजी पॅरिसहून निघालेल्या कॉंकॉर्ड विमानाचे चाक धावपट्टीवर पडलेल्या साधारण ४३ सेंटीमीटर लांबीच्या धातूच्या पट्टीवरून गेले. ती पट्टी आधी उडालेल्या दुसऱ्या विमानातून पडली होती. टायर फुटला, त्याचा तुकडा इंधनाच्या टाकीखाली आदळला, आग लागली आणि विमानातले १०९ व जमिनीवरचे ४ असे ११३ जण मृत्युमुखी पडले. म्हणूनच विमानवाहू जहाजांवर नौसैनिक खांद्याला खांदा लावून रांगेने डेकवरून चालतात आणि खिळा, वायर, दगड जे दिसेल ते वेचतात. विमानाच्या मेकॅनिकच्या हत्यारपेटीतही मामांच्या फळ्यासारखेच साचे कापलेले असतात. काम संपल्यावर एक साचा जरी रिकामा राहिला, तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. ते इंजिनात राहिले असेल तर?

सेइकेत्सु म्हणजे पहिल्या तीन गोष्टी ठरावीक रीतीने चालू ठेवणे. यात लिहिण्यासारखे फार नाही. आम्ही व्यवस्थित लावलेल्या स्टोअरचा फोटो दाराच्या आत चिकटवला, म्हणजे 'नीट' म्हणजे काय यावर वाद नको. ड्युटी बदलताना दोघांनी मिळून शॅडो बोर्ड बघायचा आणि वहीत सही करायची. तीन मिनिटांचे काम आहे.

शित्सुके हा शेवटचा शब्द. त्याचा अर्थ शिस्त असा देतात, पण जपानीत तो मुलांना लावलेल्या वळणासाठी वापरतात. शिवणकामात कापड जागेवर राहावे म्हणून पक्क्या शिवणीआधी जो कच्चा टाका घालतात, त्यालाही हाच शब्द आहे. म्हणजे नंतर कोणी धरून ठेवायची गरज राहू नये म्हणून आधी धरून ठेवणे. आमची शिस्त मात्र बिगुलाची आणि इन्स्पेक्शनची आहे. बघणारा आला की ती येते. हे मी कोणावर टीका म्हणून लिहीत नाही, खुर्च्या मीच ढकलल्या होत्या.

त्याची परीक्षा जानेवारीत झाली. इन्स्पेक्शनच्या आदल्या संध्याकाळी बारावीतले एक सीनियर दोन जुनी बाके घेऊन स्टोअरशी आले. सोबत आठवीची चार मुले होती. "इनचार्ज, एका रात्रीपुरती," ते म्हणाले. बाके ठेवायला खोलीत मोकळी जागा एकच होती, पिवळा चौकोन.

मी म्हणालो, "सर, तिथे काही ठेवायचे नाही."

"उद्या दुपारी काढतो ना!"

मी दहावीत आहे आणि ते बारावीत. पुढे मी काहीच बोललो नाही. बोलायला हवे होते, वाक्यसुद्धा तोंडात तयार होते, पण बोललो नाही. बाके चौकोनात उभी राहिली आणि त्यांच्यामागे फर्स्ट एड बॉक्सचा फक्त वरचा लाल क्रॉस दिसत राहिला. ते गेल्यावर मी कितीतरी वेळ तिथेच होतो.

चाचा कुलूप लावायला आले. त्यांनी बाके पाहिली, माझ्याकडे पाहिले, काही विचारले नाही. टेबलाच्या खणातून त्यांनी दोन लाल टॅग काढले, चष्मा लावला आणि सावकाश लिहिले. वस्तू : बाक. तारीख. कारण : जागा चुकली. निर्णय कोण घेणार, या ओळीवर त्यांनी त्या सीनियरचे पूर्ण नाव, वर्ग आणि हाउस लिहिले. दोरा बांधून टॅग बाहेरच्या बाजूला येतील असे फिरवले, म्हणजे दार उघडताच वाचता यावेत.

"उद्या साहेब सगळ्यात आधी इथे येणार आहेत," ते म्हणाले, "तुझ्या सीनियरला सांगून ये." आणि दार न लावताच बसून राहिले.

मी निरोप सांगितला, एवढेच. सकाळी पी.टी.च्या आधी स्टोअरकडे गेलो तेव्हा पिवळा चौकोन रिकामा होता. दोन्ही टॅग शॅडो बोर्डाच्या शेजारच्या खिळ्याला अडकवलेले होते.